गोळेश्वरचा मल्ल आणि सात हजार रुपये



शाळेतले खेळ या विषयावर एक लेख हवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. आपल्या तुकडीत खो-खो गाजवणाऱ्या मैत्रिणी आहेत, जिल्ह्यापर्यंत कबड्डी खेळलेले मित्र आहेत. मी गेली वीस-बावीस वर्षं पुण्यात कॉम्प्युटरपुढे बसून सॉफ्टवेअर लिहिते. त्यामुळे आपल्या सामन्यांच्या आठवणी त्यांनीच लिहाव्यात. मी या निमित्ताने एका जुन्या विद्यार्थ्याचं चरित्र सांगते. तो आपल्या शाळेचा नव्हता, पण आपल्याच मुलखातला होता. कराडच्या हायस्कुलातून तो कोल्हापूरच्या कॉलेजात आला आणि तिथून थेट हेलसिंकीला जाऊन स्वतंत्र भारतासाठी पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आला. खाशाबा दादासाहेब जाधव.

नाव सगळ्यांना माहीत आहे. पुतळे आहेत, क्रीडांगणांना नाव आहे, त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी आता आपल्या राज्याचा क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. पण त्यांचं आयुष्य सलग वाचायला घेतलं, तेव्हा मला कुस्तीइतकंच दुसरंही काही दिसलं. शाळा-कॉलेजातल्या माणसांनी ठरवलं तर एका मुलाचं काय होऊ शकतं आणि नाही ठरवलं तर काय राहून जातं, हे या चरित्रात पानोपानी आहे. स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेत ते शोभेल असं वाटलं.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, कराडला लागूनच. कृष्णा-कोयनेच्या संगमाचा सुपीक मुलूख, शेतकऱ्याचं घर. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. अशा घरात पोराला चालता यायला लागलं की तालमीची वाट वेगळी दाखवावी लागत नाही. वडिलांनीच डाव शिकवले. वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी आसपासच्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत अस्मान दाखवलं, असं सांगतात.

मुरगूडच्या माणसांना तालीम म्हणजे काय हे सांगायला नको. हौद्यातली लाल माती, तिच्यात मुरवलेलं ताक, तेल, लिंबू आणि हळद. पहाटेचे जोर-बैठका, वस्तादांचा धाक, आणि जत्रेच्या मैदानात हलगीच्या ठेक्यावर आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शेवटची मोठी जोड. तिथे हार-जीत सरळ असते. पाठ मातीला लागली की निकाल. घड्याळ नाही, गुण नाहीत. पंच मध्ये असतो, पण खरा पंच म्हणजे भोवती बसलेला गाव. खाशाबा या मातीत तयार झाले. त्यांच्या पुढच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी या मातीच्या आणि परदेशातल्या गादीच्या फरकातून घडल्या, म्हणून हे आधी सांगितलं.

१९४० ते १९४७ या काळात ते कराडच्या टिळक हायस्कुलात होते. ही वर्षं साताऱ्याच्या मुलाने फक्त पुस्तकं वाचून काढावीत अशी नव्हतीच. १९४२ च्या चलेजाव चळवळीनंतर या जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने इंग्रजांना जेरीस आणलं होतं. भूमिगत कार्यकर्त्यांना लपायला जागा देणं, त्यांचे निरोप आणि पत्रकं पोचवणं ही कामं गावोगावच्या घरांनी केली आणि शाळकरी पोरांनीही केली. खाशाबा त्या पोरांतले एक. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. ऑलिंपिकमध्ये आपल्या देशाचा झेंडा वर चढवायचा, हा निश्चय त्यांनी त्या दिवसांत केला असं सांगितलं जातं. वर्षभरात ते लंडनला पोचले, यावरून तो निश्चय किती पक्का होता ते कळतं.

पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कुस्ती करणाऱ्या मुलाने कोल्हापूरला येणं म्हणजे वारकऱ्याने पंढरपूरला येणं. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, पेठापेठांतल्या तालमी नांदत्या केल्या, खासबागेचं मैदान बांधलं. कुठल्याही कोपऱ्यात बसलं तरी मधल्या हौद्यातली कुस्ती स्वच्छ दिसते, ही त्या मैदानाची करामत आपण सहलीला गेलो तेव्हा पाहिली आहे. महाराज गेल्याला तोवर पंचवीस वर्षं झाली होती, पण त्यांनी लावलेलं झाड फळं देतच होतं. इथे खाशाबांना बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक भेटले.

कॉलेजातला एक प्रसंग मात्र थांबून सांगावा असा आहे. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला खाशाबा क्रीडाशिक्षकांकडे गेले. उंची पाच फूट पाच इंच, अंगाने सडपातळ. समोरचे पैलवान दणकट. शिक्षकांनी नाव घ्यायला नकार दिला. यात वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही. एखाद्या पोराला इजा होऊ नये ही काळजीही असेल. पण खाशाबा तिथून परत फिरले नाहीत. ते सरळ प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली. खाशाबा आखाड्यात उतरले आणि आपल्यापेक्षा वजनदार, नाव असलेल्या मल्लांना पाडत गेले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान आणि दंड पकडीत घेऊन, क्षणात वळून त्याला पाठीवरून फेकायचं. या डावात ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं. लहान चणीच्या माणसाला तो साधला की समोरच्याचं वजन आपल्याच कामाला येतं.

आपल्या गुरुजनांनी हा प्रसंग जरूर वाचावा. मैदानावर रोज पन्नास-साठ पोरं समोर असतात. कुणाला संघात घ्यायचं आणि कुणाला नाही हे एका नजरेत ठरवावं लागतं. त्या नजरेतून एखादा सुटला, तर त्याला दाद मागायला दुसरं दार असणं किती गरजेचं आहे, ते इथे दिसतं.

१९४८ साली लंडनचं ऑलिंपिक आलं. खाशाबांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा ते आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या गादीवर कुस्ती खेळले. माती पायाखाली दबते, बोटं रुतवून पाय रोवता येतो. गादीवर ते होत नाही. वर नियमांची भाषा निराळी. ठरलेला वेळ, पंचांचे निर्णय, पाठ लागली नाही तरी हरता येतं. मातीतल्या मल्लाला हे सगळं नव्याने शिकायचं होतं, तेही स्पर्धेच्या तोंडावर. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तिथे शिकवलं. फ्लायवेट या सर्वांत हलक्या गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांची मोहीम थांबली. सहावा क्रमांक मिळाला. गादीवर पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या माणसाने जगात सहावं येणं ही लहान गोष्ट नव्हती. पण त्यांना ती पुरेशी वाटली नाही.

पुढची चार वर्षं ते झटून सराव करत राहिले. वजनगट वाढवून ते बॅंटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोच्या गटात आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी मद्रासला निवडस्पर्धा झाल्या. तिथे एका गुणाने ते मागे पडल्याचं जाहीर झालं. तो गुण योग्य पद्धतीने दिला गेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादविंद्रसिंह त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि खेळाची जाण असलेले होते. त्यांनी पुन्हा एक कुस्ती लावायला सांगितली. खाशाबांनी ती चितपट मारली. निवड पक्की झाली.

आता प्रश्न पैशांचा. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं होतं. पहिल्या वेळेसारखा राजाश्रय आता नव्हता. नव्या सरकारकडून वेळेवर पुरेशी मदत मिळाली नाही. निवड झालेला खेळाडू स्वतःच्या तिकिटासाठी दारोदार फिरत होता. गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. ज्याला जमेल ते त्याने दिलं. तरी रक्कम भरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे करून दिले.

हे वाक्य मी लिहून झाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले. १९५२ सालचे सात हजार. शिक्षकाचं घर. कॉलेज सोडून गेलेला विद्यार्थी. पदक मिळेल याची कुणालाच खात्री नाही, कारण तोवर एकाही भारतीय मल्लाला ते मिळालेलं नव्हतं. आपल्यातले बरेच जण आज घराचे हप्ते भरतो. घर गहाण टाकणं म्हणजे काय, ते आपल्याला शाळेत असताना कळलं नसतं, आज कळतं. आणि खर्डेकरांच्या घरच्या माणसांनी त्याला संमती दिली असेल, त्यांचं नाव कुठेच येत नाही, हेही जाणवतं.

जुलै १९५२. हेलसिंकी. बॅंटमवेट गटात खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला, मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला आणि जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला हरवलं. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. ही कुस्ती पंधरा मिनिटांच्या पुढे चालली असं सांगतात. पंधरा मिनिटं हा आकडा वाचायला लहान वाटतो. ज्यांनी आखाड्यात दोन मिनिटं दम काढला आहे त्यांना विचारा. खाशाबा अगदी थोडक्यात हरले. याच इशीने पुढे सुवर्णपदक घेतलं.

त्या कुस्तीतून बाहेर पडतात न पडतात तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोवविरुद्ध उभं राहायला सांगण्यात आलं. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. तो नियम पुढे करून पंचांशी भांडायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे नव्हता. खाशाबा दमलेल्या अंगाने गादीवर गेले आणि हरले. मामेदबेकोवला रौप्य मिळालं, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. दुसऱ्याच दिवशी भारताच्या हॉकी संघाने नेदरलंड्सला ६-१ असं हरवून सुवर्ण जिंकलं आणि देशाचं कौतुक साहजिकच तिकडे वळलं.

त्याच हेलसिंकीत आपल्या कोल्हापूरचा आणखी एक मल्ल होता, केशव माणगावे. फेदरवेट गटात तो चौथा आला. पदकापासून एक पायरी खाली. खाशाबांचं नाव निदान राहिलं. माणगाव्यांचं नाव आज किती जणांना आठवतं?

पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा कराडला जे स्वागत झालं त्याच्या गोष्टी त्या भागातली म्हातारी माणसं वर्षानुवर्षं सांगत आली. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक. ढोल, लेझीम, गुलाल. कराडपासून गोळेश्वरपर्यंतच्या पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेला सात तास लागले म्हणतात. सरकारी सत्काराची वाट कुणी पाहिली नाही. ज्यांनी चार-आठ आणे वर्गणी दिली होती, त्यांनी आपल्या गाड्या जुंपल्या. त्या पदकात आपलाही वाटा आहे हे त्यांना ठाऊक होतं.

यानंतरची गोष्ट मला पदकाइतकीच मोठी वाटते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः त्यात लढले, आणि जमलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवून दिलं. ऑलिंपिक पदकविजेता मल्ल, आणि त्याच्या पहिल्या कमाईचा हिशेब काय, तर गुरूच्या कर्जाची परतफेड. कुणी मागितले होते अशी कुठे नोंद नाही. मातीत शिकलेल्या माणसाला कुणाची पाठ लावायची आणि कुणाला पाठीशी घालायचं, हे बरोबर कळत होतं.

१९५५ मध्ये ते मुंबईत पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून भरती झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचं स्वप्न होतं, पण गुडघ्याच्या दुखापतीने ते संपवलं. खेळाडू म्हणून कारकीर्द तिथेच थांबली. पुढे पोलिसांच्या स्पर्धांत खेळले, नव्या मुलांना शिकवलं. एकूण सत्तावीस वर्षं नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या मशालफेरीत त्यांना धावण्याचा मान मिळाला. निवृत्तीनंतर मात्र पेन्शनसाठी त्यांना हेलपाटे घालावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं. अट्ठावन्न वर्षांचे होते.

मोठे सन्मान मिळाले ते यानंतर. १९९२-९३ चा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर. २००० सालचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. २०१० मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव देण्यात आलं. माणूस असताना अर्जांचा ढीग आणि माणूस गेल्यावर पुरस्कारांची रांग, हे आपल्याकडे नवीन नाही.

आपल्या तुकडीला आठवत असेल, आपण दहावीत असताना ऑगस्ट १९९६ मध्ये अटलांटाला लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य मिळवलं. त्या वेळी वर्तमानपत्रांत चव्वेचाळीस वर्षांनंतरचं पहिलं वैयक्तिक पदक असं छापून आलं, आणि त्या चव्वेचाळीस वर्षांमागे कोण उभा आहे हे आपल्यातल्या अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. कुस्तीतलं पुढचं पदक यायला २००८ चं बीजिंग उजाडलं, सुशील कुमारचं. म्हणजे छप्पन्न वर्षं. आणि महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली. ते आलं २०२४ मध्ये पॅरिसहून, आणि कुठे आलं, तर आपल्या शेजारच्या राधानगरी तालुक्यात, कांबळवाडीत. स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य घेतलं. त्याचे वडील शिक्षक आहेत. शिक्षकाचं घर आणि ऑलिंपिकचं पदक यांचा काहीतरी धागा आपल्या जिल्ह्यात आहे खरा.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. आमच्याकडे एखादी मोठी यंत्रणा उभी केली की एक प्रश्न हमखास विचारतात. यातला कुठला एकच भाग बंद पडला तर सगळं बंद पडेल? असा भाग सापडला की तिथे दुसरा पर्याय उभा करायचा, हा नियम. खाशाबांचं आयुष्य मी त्या नजरेने पाहिलं तर अंगावर काटा येतो. कॉलेजच्या स्पर्धेत नाव नोंदवताना एकच माणूस आड आला आणि एकाच माणसाने ते मोकळं केलं. लंडनच्या खर्चाला एकच महाराज. मद्रासच्या त्या एका गुणाविरुद्ध ऐकून घेणारा एकच अध्यक्ष. हेलसिंकीच्या पैशांसाठी एकच घर. प्रत्येक वळणावर एक-एकच माणूस उभा होता. सुदैवाने तो प्रत्येक वेळी होता. आणि जिथे तो नव्हता, त्या गादीच्या कडेला, विश्रांतीचा अर्धा तास मागायला, तिथे काय झालं तेही आपण पाहिलं.

आपण ही गोष्ट सांगताना खर्डेकर सरांच्या थोरवीने भारावून जातो. जायलाच हवं. पण एका खाशाबासाठी एका सरांना घर गहाण टाकावं लागलं, याचा दुसरा अर्थ असा की, ज्यांच्या वाट्याला असे सर आले नाहीत ते किती खाशाबा गोळेश्वरातच राहिले, याची मोजदाद कुणाकडेच नाही. ते आपल्या गावातही असतील. आपल्या वर्गातही असतील.

वर्गातल्या मुलींचं तर बोलायलाच नको. आपल्या वेळी मुरगुडात कुस्ती म्हणजे मुलांची. आम्ही मुली खो-खो खेळायचो, धावायचो, लांब उडी मारायचो. जत्रेच्या मैदानात कुस्त्या लागल्या की हलगी ऐकू यायची, पण आमचं पाहणं माडीवरून. तालमीच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकण्याचा विचारसुद्धा कुणाच्या मनात येत नसे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती पहिल्यांदा आली, तोवर आपण नोकऱ्यांना लागलो होतो. आज त्याच मुरगुडात, मंडलिकसाहेबांच्या नावाच्या कुस्ती संकुलात पोरी पहाटे गादीवर घाम गाळतात आणि राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत जातात. वेदगंगेच्या काठावर हा बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला. तो घडवणारे वस्ताद, आईवडील आणि शिक्षक आपल्यातलेच आहेत. शेजारपाजाऱ्यांचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करून ज्या आईने पोरीचे केस बारीक कापले आणि तिला आखाड्यात पाठवलं, ती माझ्या मते खर्डेकर सरांच्याच पंगतीत बसते.

पण तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही शालेय स्पर्धांची शिडी चढायला अजूनही पैसा लागतोच. बूट, किट, खुराक, दुसऱ्या जिल्ह्यात जायचं भाडं, सोबत जाणाऱ्या शिक्षकांचा आणि मुलींच्या बाबतीत एका बाईमाणसाचा खर्च. रक्कम मोठी नसते, पण ती आठ दिवसांत उभी करावी लागते, आणि तेवढ्यासाठी एखादी मुलगी जिल्ह्यावर जिंकून विभागाला न जाता घरी राहते. दुखापत झाली तर तिच्या उपचाराचा प्रश्न वेगळाच. या वेळी सर किंवा मॅडम आपल्याच खिशात हात घालतात. आपल्या शिक्षकांनीही आपल्यासाठी घातला आहे. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही इतकंच.

म्हणून या मेळाव्यात माझी एक सूचना आहे. जेवण, सत्कार, फोटो हे सगळं होऊ द्या. त्याबरोबर आपल्या तुकडीचा एक कायमचा क्रीडानिधी शाळेकडे असावा. वर्षाकाठी प्रत्येकाने जमेल ते द्यावं, गोळेश्वरच्या लोकांनी दिलं तसं. कुणी किती दिलं याची यादी फलकावर लावू नये. खर्च कशाला करायचा ते क्रीडाशिक्षकांनी ठरवावं, पण दोन गोष्टी पक्क्या असाव्यात. एक, विभागीय किंवा राज्य स्पर्धेला निवड झालेलं कुठलंही मूल पैशाअभावी मागे राहणार नाही. दोन, ज्याला संघात घेतलं नाही त्याला एकदा तरी दाद मागायला जागा असेल, एक चाचणी मिळेल, पतियाळाच्या महाराजांनी दिली तशी. हिशेब ठेवायचं काम मी करीन. त्यासाठी एक छोटं सॉफ्टवेअर लिहून देईन, म्हणजे माझी पदवी गावाच्या थोडी तरी कामी येईल. नियमांची पुस्तकं वाचून मुलांना समजावणारा कुणीतरी हवा. आपल्यात वकील आहेत, पोलीस खात्यात गेलेले आहेत, खुद्द शिक्षक झालेले आहेत. गादीच्या कडेला उभं राहून अर्धा तास मागणारं माणूस आपल्यातूनच मिळेल.

या निधीतून ऑलिंपिकचं पदक येईल असं मी म्हणत नाही. बहुतेक येणार नाही. खेळलेली बहुतेक मुलं पुढे आपल्यासारखीच नोकरी, शेती, दुकान करतील. तरी त्यांना दहावीत असताना एकदा सोलापूर, नाशिक, नागपूर पाहता येईल, हरून परत येता येईल आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाता येईल. खाशाबा लंडनहून सहावे येऊन परतले होते. त्यांना दुसऱ्यांदा जाऊ दिलं म्हणून कांस्य आलं. पहिल्या खेपेला जाऊ देणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या खेपेचं तिकीट काढून देणारा माणूस शोधावा लागतो, आणि त्या जागी आता आपण उभे राहायची वेळ आली आहे.